बाये

गिऱ्हाइकानं दुकानाच्या पायरीवर पाय ठेवायच्या आत आप्पांना त्याची भाषा कळलेली असायची. निपाणीत आमचं बियाण्यांचं दुकान. चिकोडीकडचा शेतकरी आला की आप्पांच्या तोंडून कन्नड निघायचं, कागल-मुरगूडकडचा आला की मराठी, आणि फळांच्या गाडीवाला मेहबूब आला की हिंदी. हे सगळं समोरच्यानं तोंड उघडायच्या आधी. लहानपणी मी गल्ल्याशेजारच्या पोत्यावर बसून त्यांच्याशी पैज लावायची आणि दरवेळी हरायची. मी फेट्याकडं बघायची, चपलेकडं बघायची, पिशवी कुठल्या हातात आहे तेही बघायची. एकदा चिडून विचारलं, "आप्पा, तुमी वळखता तरी कसं?"

"मी वळखत न्हाय गं," आप्पा म्हणाले. "माणूस पायरीशी आला की शब्द आपसूक तोंडात येतोय. मी नुसतं तोंड उघडतो."

मला तेव्हा ते उत्तर लबाडीचं वाटलं होतं. आता वाटत नाही, कारण आता मी तसल्याच एका गोष्टीवर पोट भरते. बेळगावजवळ हिंडलग्याच्या पुढं एक इंजिनियरिंग कॉलेज आहे, तिथं मी सी प्लस प्लस ही कॉम्प्युटरची भाषा शिकवते. पोरं मला 'बरम्ही मॅडम' म्हणतात, मागं आणखी काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. नाव ब्राह्मी असं नीट म्हणा, एवढंच मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगते आणि दरवर्षी ते वाया जातं.

ह्या विषयात एक धडा असा आहे की तो शिकवताना मी आवाज चढवायचं विसरते. टेम्प्लेट. म्हणजे साचा. काम एकदाच लिहायचं: दोन वस्तू घे, त्यातली मोठी कुठली ते सांग. वस्तू कसल्या ते लिहायचंच नाही. त्या जागी 'टी' हे नुसतं अक्षर ठेवायचं. मग तुम्ही आकडे दिलेत की कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, आकड्यांसाठीची प्रत तयार करतो. अक्षरं दिलीत की अक्षरांसाठीची. तो तुम्हाला विचारत बसत नाही. हातात काय आलं ते बघतो आणि त्यावरून टी म्हणजे काय ते ओळखतो. ह्याला टाइप डिडक्शन म्हणतात. पुढं त्या उत्तराचं तुम्ही काय करणार आहात, त्याच्याशी त्याला घेणं नाही.

मी स्वतः शिकत होते तेव्हा हे पहिल्यांदा कळलं आणि माझ्या अंगावर काटा आला. कुठल्या लांबच्या देशात बसून कुणीतरी आमच्या निपाणीच्या पायरीवरची गोष्ट लिहून ठेवली होती. आप्पांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. आता मला सुट्टी." आणि हसले.

त्याच आप्पांना ह्या आषाढात अर्धांगाचा झटका आला. हात हळूहळू परत आला. पाय आला. ते काठी न घेता खोलीत फिरू लागले. वाचा मात्र आली नाही.

उपचार बेळगावात व्हायचे म्हणून मी आई-आप्पांना खासबागेत माझ्याकडं आणलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतंय सगळं, पण शब्द बाहेर यायला वेळ लागेल. किती वेळ, ते सांगता येत नाही. काहींची वाचा येते, काहींची येत नाही. आई हे ऐकून देव्हाऱ्यापुढं जाऊन बसली. मी बाहेर व्हरांड्यात येऊन उभी राहिले. मला एकच दिसत होतं. आता मी आप्पांशी जन्मभर बोलणार आणि आप्पा माझ्याशी कधीच बोलणार नाहीत.

बोलण्याचे उपचार करायला निवेदिता म्हणून एक मुलगी घरी यायची. समंजस मुलगी, घाई नाही, आवाज मऊ. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "घरची भाषा कुठली?"

"दोन्ही," आई म्हणाली. "मी कागलची. आमच्यात मराठीच. पर ह्यांची आई चिकोडीकडची, तिला मराठीचं एक अक्षर येत न्हवतं. घरात दोन्ही चालतंय."

इथं कुणालाही विचारा, हेच उत्तर मिळेल. आणि दोन्ही म्हटल्यावर कशाची कमतरता राहायला नको म्हणून आम्ही सगळ्यांनी कंबर कसली. निवेदिता पेल्याचं चित्र दाखवून म्हणायची, "आप्पा, हे काय? पाणी. नीरु." आई ताट घेऊन यायची, "जेवता का? ऊटा माडतीरेन्री?" शेजारच्या अंबुबाई खिडकीतून डोकावायच्या, "बरं हाय का आप्पा? आराम अदीरेन्री?" खडेबाजारातून मी चित्रांचे मोठे तक्ते आणले, त्यांवर प्रत्येक चित्राखाली एका बाजूला मराठी आणि एका बाजूला कन्नड लिहिलं. आम्हाला वाटत होतं, एक दार बंद असेल तर दुसरं तरी उघडेल.

आप्पा आमच्याकडं बघायचे. ओठ हलायचे, हनुवटी थरथरायची, शब्द अगदी दातांपर्यंत आलेला दिसायचा. मग ते तोंड मिटून घ्यायचे आणि डोळेही. आपल्याच माणसाला असं तोंड मिटताना बघणं फार वाईट असतं. मी चिडायची. कुणावर ते कळायचं नाही, मग तक्त्यांवर चिडायची.

हरभऱ्याच्या पेरणीच्या दिवसांत चिकोडीकडचा यल्लाप्पा आप्पांना बघायला आला. आप्पांचं हे जुनं गिऱ्हाईक, पिढीजात. पिशवीत दोडकी घेऊन आलता. दारात चपला काढून आत आला, आप्पांच्या पुढ्यात मांडी घालून बसला आणि म्हणाला, "ह्यांग अदीरी सावकाररं?" कसे आहात, एवढंच.

आप्पांनी त्याच्याकडं बघितलं. ओठ हलले. आणि आप्पा म्हणाले, "कडली... बित्तिद्येनो?"

हरभरा पेरलास का. म्हाताऱ्यानं इतक्या दिवसांनी तोंड उघडलं ते यल्लाप्पाच्या हरभऱ्यासाठी.

"बित्तेन्री," पेरला की, असं यल्लाप्पा म्हणाला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही, कारण आप्पा गप्प आहेत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आई स्वयंपाकघरातून हातातल्या लाटण्यासकट धावत आली. मी धावले. आम्ही दोघींनी आप्पांना दोन बाजूंनी धरलं. "आप्पा, बोला की! मातनाडरी! काय म्हणाला, पुन्हा म्हणा! मत्त हेळरी!" आप्पांनी एकदा आईकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि डोळे मिटले. यल्लाप्पा निघून गेला तरी ते उघडले नाहीत.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्याखाली एक खडा रुतला होता. यल्लाप्पाशी बोलता, आप्पा, आणि माझ्याशी नाही?

दुसऱ्या दिवशी कॉलेजात तोच टेम्प्लेटचा धडा होता. मी फळ्यावर तो मोठं काय ते सांगणारा साचा लिहिला. दोन वस्तू घेणार, दोन्ही टी प्रकारच्या. मग कॉम्प्युटरवर प्रोग्रामला एकीकडून तीन दिले आणि दुसरीकडून अडीच, दशांश चिन्ह घालून. चालवला. पडद्यावर लाल अक्षरांत एरर.

पहिल्या बाकावर तेजस्वी नावाची मुलगी बसते. तिला कंपायलरशी भांडायला आवडतं, माझ्याशी तर त्याहून जास्त. ती उठली. "मॅडम, तीन मोठे का अडीच मोठे, हे बालवाडीतल्या पोराला कळतंय. ह्याला कळत नाही? आणि ह्यालाच तुम्ही हुशार म्हणता?"

"ह्याला सगळं कळतं," मी म्हणाले. "तीनकडं बघून तो म्हणतो, टी म्हणजे पूर्णांक. बरोबर आहे. अडीचकडं बघून म्हणतो, टी म्हणजे दशांश. तेही बरोबर आहे. पण टी एकच आहे. एकाच वेळी दोन उत्तरं आली, दोन्ही खरी. मग तो मनानं एक निवडून दडपून नेत नाही. तो थांबतो."

"म्हणजे त्याची चूक नाही?"

"नाही. देणाऱ्याची आहे. दोन्हीकडून एकच द्या, म्हणजे बघा कसा..."

एवढं म्हणून माझं तोंड उघडंच राहिलं. खडू हातात तसाच. पाणी पाहिजे का आप्पा, नीर बेकेन्री. एका तोंडातून दोन भाषा, एका दमात. आप्पांना शब्द आठवत होते. दोन्ही आठवत होते. जन्मभर समोरच्या माणसाकडं बघून आपसूक ज्यांच्या तोंडात एक शब्द येत होता, त्यांच्यापुढं आम्ही सगळे मिळून असे उभे राहिलो होतो की दोन येतील. आणि यल्लाप्पाला येते एकच भाषा.

पोरं माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, "आज एवढंच," आणि वर्गातून बाहेर पडले. तास अर्धाही झाला नव्हता. मागून तेजस्वीचा आवाज आला, "मॅडम, बरं वाटत नाही का?" मला इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

घरी येऊन मी फर्मान काढलं. आजपासून एका माणसाची एकच भाषा. आईनं मराठी बोलायचं, निवेदितानं कन्नड. अंबुबाईंनी नुसतं हसायचं. तक्ते गुंडाळून माळ्यावर टाकले.

"मी जलमभर दोन्ही बोललीया की गं," आई म्हणाली. "मला कुटं कळतंय, कवा कुटलं तोंडातनं जातंय ते."

"आता कळून घे. त्यांच्यापुढं दोन्ही आलं की ते मधी अडकतात."

"तू बी तशीच हुतीस," आई म्हणाली. "नवीन नवीन चालाय लागलीस तवा. अव्वा सोप्यात बसून 'बा, बा' करायची, मी चुलीपासनं 'ये, ये' करायची, आणि तू उंबऱ्यात उभी राहून भोकाड पसरायचीस. हिकडं न्हाय आणि तिकडं न्हाय."

अव्वा म्हणजे आप्पांची आई. 'बा' म्हणजे ये, एवढं कन्नड आमच्याकडं मांजरालाही कळतं. मी हसले. मनात म्हटलं, उदाहरण चांगलं आहे, वर्गात सांगायला पाहिजे.

निवेदितानं माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "खरं तर एकच भाषा धरायची असते. तुमच्या आईंनी दोन्ही म्हटलं आणि मला वाटलं, दोन्हीत मदत करावी." मग तिनं पेल्याचं चित्र धरलं आणि फक्त "इदु येनु?", हे काय, एवढंच विचारलं. दर खेपेला तेवढंच. मराठीचा वाससुद्धा नाही.

आप्पांचं पहिलं उत्तर तिला मिळालं. "नीरु." स्वच्छ. निवेदिता चित्र खाली ठेवायचं विसरली.

आईचं त्यानंतर लवकरच आलं. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं ही आमच्या घरची रीत, त्यामुळं ऊन अजून खिडकीत होतं. आईनं ताट पुढं ठेवलं, पहिला घास आप्पांनी खाल्ला, आईकडं बघितलं आणि म्हणाले, "मीठ... न्हाय."

आईनं डोळ्याला पदर लावला आणि पदराआडूनच तिचा तोंडाचा पट्टा सुरू झाला. "एवढं दिवस गप बसला आणि बोलला ते ह्ये? मीठ न्हाय? मीठ न्हाय व्हय?" रडत रडत तिनं मिठाचा डबा आणला. वरणात खरोखरच मीठ नव्हतं. म्हणजे आप्पांना नुसती वाचा नव्हती आली, जिभेचंही सगळं जागेवर होतं.

मला देवधर्माचं फारसं वेड नाही. पण त्या संध्याकाळी मी आपल्या जागी बसून दोघांकडं बघत राहिले आणि मला हात जोडावेसे वाटले. माणसाच्या आत हे केवढं काय चालू असतं. कुणी मांडलंय ते, आणि केवढं मोडलं तरी त्यातलं काय काय शाबूत राहतं.

मग माझी पाळी आली. आणि माझी पाळी येऊन तशीच राहिली.

मी आधी मराठी धरली. सकाळ-संध्याकाळ मराठीच. आप्पा माझ्याकडं बघायचे, ओठ हलायचे आणि मिटायचे. मग कन्नड धरलं, बरेच दिवस धरलं. तेच. आईशी आता छोटी वाक्यं व्हायला लागली होती, निवेदिताशी तर एकदा हसून बोलले. मी समोर बसले की पुन्हा डोळे मिटलेले. निवेदितानं विचारलं, "तुमच्याशी ते आधी कुठल्या भाषेत बोलायचे?"

आठवायला गेले तर वाक्य एका भाषेत सुरू व्हायचं आणि दुसऱ्या भाषेत संपायचं. कंपायलरला ओळखता येत नसेल तेव्हा प्रकार उघड सांगून टाकायची सोय असते. मी तेही केलं. "आप्पा, माझ्याशी मराठीत बोला. नुसतं मराठीत." त्यांनी मान हलवली. त्यांना कळलं होतं. मग त्यांनी माझ्या हातावर नुसता हात ठेवला. मी उठून मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

वर्गात पुढचा धडा आला. स्पेशलायझेशन. साचा सगळ्यांना चालतो, पण एखाद्याला नाही चालत. नावं घ्या. आपल्या साच्याला दोन नावं दिली तर तो त्यांची अक्षरं बघत नाही, ती मेमरीत कुठं ठेवली आहेत ते पत्ते बघतो. म्हणजे धनपाल आणि यल्लाप्पा ह्यांत अक्षरांच्या क्रमानं कोण पुढं, असं विचारलं तर कुणाचं घर रस्त्यात आधी लागतं ते सांगून मोकळा होतो. म्हणून नावांसाठी निराळं लिहून ठेवायचं. 'टेम्प्लेट' हा शब्द लिहायचा आणि पुढचे कोनी कंस रिकामे सोडायचे.

"रिकामे का, मॅडम?" तेजस्वीच.

"कारण ओळखायला काही उरलेलंच नाही. हे एकाच प्रकारासाठी आहे. तो समोर आला की साचा बाजूला राहतो आणि हेच चालतं. दुसऱ्या कुणासाठी हे नाही." हे सांगताना माझा आवाज बारीक झाला. तो रिकामा कंस मला दरवर्षीच थोडा देवळासारखा वाटतो, पण त्या दिवशी जास्तच.

"आणि आयत्या वेळी लिहिलं तर? लागेल तेव्हा?"

"चालत नाही. पहिल्यांदा वापरायच्या आधी लिहून ठेवलेलं असावं लागतं. मागाहून नाही लिहिता येत."

मी फळ्याकडं वळले. मागाहून नाही लिहिता येत. म्हणजे मी हे जे मराठी करून बघते, कन्नड करून बघते, ते सगळं आयत्या वेळचं होतं. आप्पांनी माझ्यासाठी काही वेगळं ठेवलं असेल तर ते फार पूर्वीच ठेवलेलं असणार. काय?

घरी येऊन आईला विचारलं, "आई, आप्पा मला काय म्हणायचे?"

"काय म्हणायचे म्हंजे? बाये म्हणायचे की. आणि काय."

बाये. ते तर मला ठाऊकच होतं. आमच्याकडं कुठल्याही पोरीला 'अगं बाये' म्हणतात, त्यातलं ते. मी आत जाऊन आप्पांपुढं बसले आणि म्हणाले, "आप्पा, बाये म्हणा." मूर्खासारखं. त्यांनी माझ्याकडं अशा मायेनं बघितलं की मीच नजर खाली घातली.

पण तो शब्द डोक्यातून जाईना. ते मला बाये कधी म्हणायचे? जेवताना नाही, रागावताना नाही, फोनवर तर कधीच नाही. शिकायला बेळगावला आले तेव्हापासून दर शनिवारी मी निपाणीला जायची. एस्टी स्टँडवर उतरून चालत दुकानापाशी यायची, पायरीखाली पिशवी घेऊन उभी राहायची, आणि आप्पा गल्ल्यावरून मान वर करून म्हणायचे, "बाये!" तेवढ्यापुरतंच. त्याआधी शाळेतून यायची तेव्हाही तसंच. खासबागेत मी तशी बाहेरून येऊन, पायरीखाली, त्यांच्यापुढं एकदाही उभी राहिले नव्हते. मी तिथं होतेच, सकाळपासून, औषध आणि ताट घेऊन.

त्याच सुमारास आप्पांना दुकानाची ओढ लागली. आईला म्हणाले, "घरी." दुकान मष्णू सांभाळत होता, तो जुना नोकर, त्यानं फोनवर सांगितलं की गिऱ्हाइकं सावकारांना विचारतायत. डॉक्टरांनी हो म्हटलं आणि दोघं निपाणीला गेले. मी मुद्दाम सोबत गेले नाही. कॉलेजचं कारण सांगितलं. आई रागावली.

शनिवारी निपाणीची गाडी धरली. संकेश्वर गेलं. ह्यावेळी नाही बोलले, तर माझ्यापाशी करून बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. स्टँडवर उतरले. चालत गेले. दुकान दिसलं. मष्णू पोती मोजून लावत होता, आई कडेला स्टुलावर बसली होती, आणि आप्पा गल्ल्यावर, आपल्या जागी, पांढऱ्या टोपीत.

मी पायरीखाली उभी राहिले. पिशवी खाली ठेवली नाही. काही बोलले नाही, मराठी नाही आणि कन्नडही नाही.

आप्पांनी मान वर केली. त्यांचे ओठ हलले. हनुवटी थरथरली. आई स्टुलावरून अर्धी उठली, मी तिला हातानं थांबवलं.

"बा," आप्पा म्हणाले.

आणि अडकले. ओठ तसेच उघडे. मला वाटलं, संपलं. कन्नड सापडलं, पण पुढचा शब्द मिळत नाही, आता डोळे मिटतील. मष्णूनं हातातलं पोतं तसंच धरून ठेवलं होतं. आप्पा माझ्याकडं बघत होते, डोळे उघडे ठेवून, कपाळावरची शीर ताणून, एखादं जड काही उचलल्यासारखे.

"ये," आप्पा म्हणाले.

बा. ये.

एवढी वर्षं ते इतक्या झटकन म्हणायचे की मला त्यात जोड कधी दिसलाच नव्हता. मी त्याला हाक समजत होते. उंबऱ्यात रडत उभ्या असलेल्या पोरीला इकडून अव्वा बोलवत होती आणि तिकडून आई बोलवत होती, आणि आप्पांनी दोघींचे शब्द घेऊन एक करून टाकले होते, म्हणजे मी कुठल्याही भाषेची निघाले तरी येईन. दोन्ही शब्द एकदम, मी घरात सगळ्यांना ज्याची बंदी केली होती तेच. ते फक्त माझ्यासाठी होतं, आणि मला बोलता यायच्या आधीपासून होतं.

आई रडत होती. आप्पांचा हात माझ्याकडं पुढं आला होता.

"बंदे, आले," मी म्हणाले, दोन्हीत, आणि पायरी चढले.